हातचं राखून दिलेले गुण

दोरीच्या मल्लखांबाला पंच म्हणून बसलं की सगळ्यांत अवघड जाते ती पहिली मुलगी. दोराला नमस्कार करून ती वर जाते, दीडेक मिनिटात संच पुरा करून उतरते आणि पंचाला लगेच आकडा लिहायचा असतो. संच छान झालेला असतो. हात ८.८० लिहायला निघतो आणि मनात येतं, अजून सगळ्या मुली बाकी आहेत. हिलाच एवढे दिले आणि मागून हिच्याहून सरस कुणी आली, तर तिला काय द्यायचं? मग ८.५० लिहिले जातात. याला आम्ही हातचं राखणं म्हणतो. पंच बेइमान नसतो. त्याला शेवटी क्रम नीट लागायला हवा असतो, म्हणून तो वरती जागा शिल्लक ठेवतो. पण चिठ्ठीत पहिला नंबर निघाला एवढ्याच कारणानं त्या मुलीचे तीन दशांश जातात आणि ते का गेले हे तिला कुणी सांगत नाही.

माझा जन्म केंदूरचा. शिरूर तालुक्यातलं हे कान्हूराज महाराजांचं गाव, पावसाच्या भरवशावरचं. मुलीनं दोरावर चढायचं हे माझ्या लहानपणी गावात कुणी ऐकलेलंही नव्हतं. शिकायला पुण्यात आत्याकडे राहिले आणि टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्रीय मंडळात पहिल्यांदा मुलींना दोरावर पाहिलं. पुढे गुलटेकडीच्या आगाशे महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, गावाकडच्या भागात शाळेत लागले आणि निवृत्त होईपर्यंत मुलींना मल्लखांब शिकवला. पंच म्हणून अजूनही बोलावतात, मीही जाते.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला नाही त्यांना सांगते. दोर सुती असतो, बोटाएवढा जाड, वरून सरळ सोडलेला. त्याला गाठ नसते, कडी नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरायचा, हातांनी अंग वर ओढायचं, दोर मांडीभोवती, कमरेभोवती फिरवून अढी घालायची आणि मग हात सोडून पद्मासन, धनुरासन, निद्रासन असं एकेक आसन हवेत लावायचं. प्रेक्षक मुलीच्या चेहऱ्याकडे आणि पसरलेल्या हातांकडे बघतात. मी आधी पायाच्या बोटांकडे बघते. चिमटी सुटायला आली की अंगठा पांढरा पडतो आणि दोर नखाकडे सरकतो. शरीर डळमळायच्या आधी ते तिथे दिसतं. त्या क्षणी काही मुली घाईनं पुढचं आसन उरकतात. काही मात्र शांतपणे टाच फिरवून पकड पुन्हा बसवतात आणि मगच हात सोडतात. कसलेला पंच दुसरीला जास्त गुण देतो. खालून टाळ्या पहिलीला पडतात, कारण तिचा वेग दिसतो.

गुण दहापैकी. संच किती अवघड, त्याची गुंफण कशी, तो किती सफाईनं केला आणि त्यात नवीन काय, हे बघायचं. चढण आणि उतरणही मोजायची. चार पंच चार बाजूंना, मुख्य पंच वेगळा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा बाजूला काढायचा, मधल्या दोघांची सरासरी धरायची. रीत चांगली आहे. एकट्यादुकट्यानं कुणावर मेहेरबानी करायची म्हटली तरी त्याचा आकडा गळून पडतो.

काही वर्षांपूर्वी एका शालेय स्पर्धेत आमच्या गावची मुलगी दुसरी आली. फरक ०.०५ चा. मी तिची शिक्षिका, त्यामुळे पंचांत नव्हते, बाजूला सतरंजीवर बसले होते. फळ्यावर फक्त शेवटची सरासरी. पोरगी माझ्याजवळ आली आणि रडता रडता नाही, सरळ विचारलं, "बाई, माझं कुठं गेलं ते?" तिला दुसऱ्या नंबराचं वाईट वाटलं नव्हतं असं नाही, पण तिला पुढच्या वर्षासाठी माहिती हवी होती. अढीत गेलं, की उतरताना गेलं, की संचच हलका पडला? मी टेबलापाशी जाऊन विचारलं. पंचांचा निर्णय अंतिम असतो, एवढं उत्तर मिळालं. नियमाला धरूनच होतं ते.

तिचे वडील स्पर्धेला आले होते. कांद्याची शेती. परतताना गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाई, चाकणला कांदा नेला की मला पट्टी मिळते. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, सगळं लिहिलेलं असतं. भाव पडला तर वाईट वाटतं, पण कुठं काय कापलं ते कळतं. पोरीला नुसती बेरीज दिली." त्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

बर्फावरच्या फिगर स्केटिंगशी माझा संबंध आला तो त्यानंतर आणि नातीमुळे. बहिणीची मुलगी कॅनडात असते. तिची लेक तिथे क्लबात स्केटिंग शिकते. भाचीनं फोनवर लेकीचा व्हिडिओ पाठवला आणि मागोमाग एक कागद. "मावशी, तू पंच आहेस ना, हे वाचून सांग गं, हिचं कशात कमी पडलं." केंदूरमध्ये बसून मी तो कागद मोबाइलवर बोटांनी मोठा करत वाचला. लहान मुलांचा साधाच कागद होता, पण प्रत्येक उडी, प्रत्येक गिरकी वेगळ्या ओळीत आणि प्रत्येकीपुढे शेरा. मला आमच्या गावच्या त्या मुलीच्या वडिलांची कांद्याची पट्टी आठवली. मग मी भाचीला म्हटलं, मोठ्यांच्या स्पर्धेचे असे कागद असतील तर पाठव. ते तर कुणालाही बघायला खुले असतात म्हणे. तेव्हापासून मी ते वाचते आहे.

एक ओळ समजावून सांगते, कारण सगळी गंमत त्या एका ओळीत आहे. ट्रिपल लुट्झ नावाची उडी आहे: पाठीमागच्या दिशेनं सरकत यायचं, पात्याच्या बाहेरच्या कडेवरून उडायचं, हवेत तीन गिरक्या घ्यायच्या. तिची मूळ किंमत ५.९० गुण. ही किंमत कोण उडी मारतंय यावर ठरत नाही, तक्ता आधीच छापलेला असतो. मग नऊ पंच ती उडी किती चांगली झाली याचे उणे ५ ते अधिक ५ असे अंक देतात. एक पायरी म्हणजे मूळ किमतीच्या दहा टक्के. नवांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक गळतो, उरलेल्या सातांची सरासरी. पण त्याआधी आणखी एक गाळणी असते. पंचांपासून वेगळे बसलेले तीन तांत्रिक अधिकारी चित्रफीत सावकाश फिरवून बघतात की गिरकी पुरी झाली का, कड खरंच बाहेरची होती का. पाव गिरकीपेक्षा जास्त कमी पडली तर उडीपुढे एक बाणासारखी खूण येते आणि ५.९० चे ४.७२ होतात. कड चुकली तर वेगळी खूण. अनेक नावाजलेल्या मुली लुट्झला येताना बाहेरच्या कडेवर असतात आणि ऐन उडताना पाय आत कलतो. साध्या डोळ्याला ते दिसत नाही. मी तो क्षण थांबवून थांबवून बघायला शिकले आणि दोरावरची अंगठ्याची चिमटी बघणाऱ्या माझ्या डोळ्यांना ते काम लगेच आवडलं.

ही पट्टी स्केटिंगलाही सुखासुखी मिळालेली नाही. पूर्वी तिथे ६.० पैकी गुण देत. प्रत्येक पंच दोन आकडे देई, एक तांत्रिक, एक सादरीकरणाचा, आणि त्या आकड्यांचा उपयोग शेवटी फक्त कोण कोणाच्या वर हे ठरवण्यापुरता. म्हणजे हातचं राखणं हीच पद्धत होती. लवकर उतरणाऱ्या मुलीला ५.९ देऊन बसलात तर मागच्यांसाठी जागा कुठली? २००२ च्या सॉल्ट लेक सिटीतल्या ऑलिम्पिकमधली महिलांची स्पर्धा मी भाचीनं पाठवलेल्या दुव्यांवर पुन्हा पुन्हा पाहिली. प्रत्येकीचे दोन कार्यक्रम, आधी छोटा, मग मुक्त. छोट्या कार्यक्रमानंतर अमेरिकेची मिशेल क्वान पहिली, रशियाची इरिना स्लुत्स्काया दुसरी आणि १६ वर्षांची सारा ह्यूज चौथी. छोट्या कार्यक्रमातल्या क्रमांकाला निम्मं वजन, मुक्त कार्यक्रमातल्या क्रमांकाला पूर्ण. ह्यूजनं मुक्त कार्यक्रम झकास केला. क्वान एका उडीत पडली. तरीही स्लुत्स्काया उतरायच्या आधीपर्यंत एकूण हिशेबात क्वान ह्यूजच्या पुढे होती. मग सर्वांत शेवटी स्लुत्स्काया आली, मुक्त कार्यक्रमात दुसरी ठरली आणि क्वान तिसरीवर ढकलली गेली. बेरीज झाली ह्यूज ३.०, स्लुत्स्काया ३.०, क्वान ३.५. बरोबरी मुक्त कार्यक्रमावर सुटली, सुवर्ण ह्यूजला. तिथेही नऊपैकी पाच पंच तिच्या बाजूचे आणि चार स्लुत्स्कायाच्या. क्वान आणि ह्यूज या दोघींचं करून झालं होतं, त्यात कणभर बदल झाला नव्हता. तिसरीच मुलगी येऊन गेली आणि दोघींची आपसातली जागा उलटली. ह्यूज त्या रात्री सर्वांत सुंदर खेळली, हे माझंही मत आहे. पण हिशेबाची ती रीत मला पटत नाही.

त्याच ऑलिम्पिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत एका फ्रेंच पंचावर दबाव आल्याचं प्रकरण उघडकीला आलं, कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं आणि त्या धक्क्यातून २००४ साली आजची पद्धत स्वीकारली गेली. मात्र त्याबरोबरच एक गोष्ट अशी केली की जी मला कधीच समजली नाही. पंचांवर दबाव येऊ नये म्हणून कोणता अंक कोणी दिला ते झाकून टाकलं. कागदावर अंक असत, पण नावांशी जुळत नसत. २०१४ ला सोचीच्या ऑलिम्पिकमध्ये रशियाच्या अदेलिना सोत्निकोवाला २२४.५९ आणि कोरियाच्या किम युनाला २१९.११ मिळाले, तेव्हा हीच अवस्था होती. सोत्निकोवाच्या ट्रिपल उड्या सात होत्या, किमच्या सहा. तेवढा फरक कागदावर दिसतो आणि मान्य करावा लागतो. पण कौशल्याचे आणि सादरीकरणाचे अंक कोणी कसे दिले हे विचारायला गेलं तर दार बंद. कोरियात लोक आजही त्या रात्रीबद्दल तळमळतात ते पाच गुणांसाठी नव्हे, उत्तर मिळालं नाही म्हणून, असं मला वाटतं. २०१६ मध्ये ही झाकपाक रद्द केली. आता पंचाच्या नावापुढे त्याचा अंक असतो. माझ्या मते नऊ पंचांपेक्षा, चित्रफितीपेक्षा आणि तक्त्यापेक्षा ही सुधारणा मोठी आहे.

एका बाबतीत मात्र तिथलं आणि इथलं दुखणं सारखंच आहे. मुलींच्या खेळात सादरीकरण या रकान्यात काय काय घुसतं! आमच्या दोराखाली बसून मी पंचांना म्हणताना ऐकलं आहे, "हसत नाही ही", "जरा राकट वाटते". मुलांच्या पुरलेल्या मल्लखांबाला पंच असताना हसण्याबद्दल एक शब्द माझ्या कानावर आला नाही. स्केटिंगमध्ये तर मुलींच्या घागऱ्याचाही नियम होता. महिलांना स्पर्धेत पँट घालायची परवानगी २००४ साली मिळाली. फ्रान्सची सुर्या बोनाली हिनं १९९८ ला नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये मागच्या मागे कोलांटी मारून एका पायावर उतरून दाखवलं. ती उडी नियमबाह्य होती हे तिला ठाऊक होतं. दुखापतीनं पदकाची आशा संपली होती आणि तिला आपलं बळ दाखवायचं होतं. तिच्याबद्दल वर्षानुवर्षं बोललं गेलं ते असंच, की ताकद आहे, पण नाजूकपणा नाही. ती उडी नियमात बसायला २०२४ साल उजाडलं.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे आणि तीही मला घाबरवते. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अलेक्झांड्रा त्रुसोवानं मुक्त कार्यक्रमात चार-चार गिरक्यांच्या पाच उड्या मारल्या. मुक्त कार्यक्रमात ती १७७.१३ गुण मिळवून पहिली आली, तरी एकूण बेरजेत ती २५१.७३ वर राहिली आणि आना श्चेर्बाकोवा २५५.९५ वर सुवर्ण घेऊन गेली. त्रुसोवाचा तिथला आक्रोश जगानं पाहिला. ती सतरा वर्षांची होती. तक्त्यात अवघड उडीला एवढी किंमत लावली की प्रशिक्षक त्या उडीमागे लागतात, आणि ती उडी कोवळ्या, हलक्या अंगाला सोपी जाते. म्हणून लहान लहान मुली पुढे आणल्या गेल्या, मोडल्या, बाजूला झाल्या. त्या वर्षी स्केटिंगच्या जागतिक संघटनेनं वरिष्ठ गटाचं किमान वय टप्प्याटप्प्यानं १७ करायचं ठरवलं. तक्त्यातला एकेक आकडा कुठल्यातरी मुलीच्या गुडघ्यापर्यंत पोचतो. आमच्याकडेही अवघड आसनाला जास्त गुण असतात आणि बारा वर्षांच्या पोरीला पाठीतून वाकवून ते बसवून घेणारे शिक्षक मला माहीत आहेत. अशा शिक्षकाला मी तोंडावर बोलते.

मल्लखांबाला आता बरे दिवस येत आहेत. २०१९ ला मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, परदेशातल्या मुली आल्या. हिमानी परबला २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खेलो इंडियात खेळ आला. पदकाबरोबर आता शिष्यवृत्ती, प्रवेशातले गुण, नोकरी हे सगळं जोडलेलं असतं. पाच शतांशांची किंमत वाढली आहे. म्हणून मी निवृत्तीनंतर एक उद्योग सुरू केला. आसपासच्या काही शाळांची मिळून आम्ही हिवाळ्यात सरावस्पर्धा घेतो. तिथे प्रत्येक मुलीला पट्टी द्यायची असं मी ठरवून घेतलं. साधा छापील कागद: चढण, आसनं, गुंफण, सफाई, उतरण, आणि प्रत्येकापुढे कापलेले दशांश, पंचाच्या सहीसकट. शिवाय पहिल्या मुलीच्या आधी एका माजी खेळाडूकडून संच करून घेतो, तो सगळ्या पंचांनी मोजायचा, आकडे एकमेकांना दाखवायचे आणि हात बसला की मग स्पर्धा सुरू. पहिल्या नंबराची मुलगी त्यामुळे एकदम कोऱ्या पंचांपुढे येत नाही.

एका सहकारी पंचांचा याला विरोध होता. जुने, जाणते गृहस्थ, त्यांच्या नजरेला मी मानते. ते म्हणाले, "बाई, उद्या पालक ही पट्टी घेऊन भांडायला येतील." आणि खरंच आली एक आई. हातात पट्टी, दुसऱ्या हातात मोबाइल. उतरताना तोल गेला म्हणून दोन दशांश कापले होते, आणि तिच्या चित्रीकरणात मुलगी खणखणीत उभी राहिलेली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तोल नंतरच्या मुलीचा गेला होता, आकडा एक ओळ वर लिहिला गेला होता. दुरुस्ती झाली, मुलगी पाचवीची चौथी झाली, आणि जिचे गुण खाली आले तिला आणि तिच्या शिक्षकांना ते दाखवून समजावलं. हे सगळं त्या जाणत्या पंचांनी स्वतः केलं. त्या आईला आम्ही पुढच्या वर्षी गुणलेखक म्हणून बसवलं. त्या आकडा मोठ्यानं वाचून दाखवतात, पंचानं मान हलवली की मगच लिहितात. स्पर्धा लांबते, जेवणं उशिरा होतात, पण ओळ चुकत नाही.

सादरीकरणाचा रकाना अजून आम्हाला नीट फोडता आलेला नाही. पायांची टोकं ताणलेली आहेत का, आसन लावल्यावर ती स्थिर थांबते का, एका आसनातून दुसऱ्यात जाताना दोर हिसकला जातो का, हे मोजता येतं आणि लिहिता येतं. चेहऱ्यावर हसू होतं का, हे काहींना अजूनही त्यात हवं आहे. दिवाळीनंतर पंचांची बैठक आहे. त्यात मी मांडणार आहे की चेहऱ्यासाठी एक दशांशही ठेवू नये, आणि मुलींसाठी जो नियम कराल तोच मुलांनाही लावावा.